उत्तर हवे असेल तर प्रश्न नीट हवा

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने इंदूर शहरातील मराठी कुटुंबांची माहिती गोळा करायचे ठरवले, तेव्हा आम्ही चार पानी छापील फॉर्म काढला होता. गणेशोत्सवात मंडपाच्या दाराशी टेबल टाकून तो वाटला आणि उरलेले अंकाबरोबर घरोघर पाठवले. परत किती आले हे सांगायला संकोच वाटतो. जे आले त्यांतही निम्म्या चौकटी रिकाम्या होत्या. एका फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दूधवाल्याचा महिन्याचा हिशेब होता. तेवढा मात्र पूर्ण भरलेला होता.

त्या वेळी कार्यकारिणीत आम्ही सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: आपल्या लोकांना आस्था उरलेली नाही. परवा कपाट आवरताना त्या फॉर्मची एक प्रत हाती लागली. पुन्हा वाचली आणि दोष लोकांच्या पदरात टाकणे चूक होते, हे लक्षात आले. पहिलाच प्रश्न होता कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा. दुसरा जात-पोटजात व गोत्राचा. म्हणजे ज्याने दार उघडले त्याला वाटावे की एक तर वर्गणी मागायला आले आहेत, नाही तर स्थळ घेऊन! पुढे एक प्रश्न असा: ‘आपणांस मराठी भाषेचा अभिमान आहे काय? होय / नाही.’ याला ‘नाही’ म्हणणारा मराठी माणूस आम्हांला अजून भेटायचा आहे. सगळ्यांनी ‘होय’ लिहिले आणि आम्हांला काहीही कळले नाही. आणखी एक: ‘आपल्या घरी मराठी बोलली, वाचली व लिहिली जाते काय?’ ज्या घरात आजी वाचते, मुलगा बोलतो आणि नातू नुसते ऐकतो, त्यांनी कोणत्या चौकटीत खूण करायची? एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबून वर उत्तर एकाच शब्दात मागणारे आम्हीच होतो.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण असे की मंडळाने ती पाहणी नव्याने करायचे ठरवले आहे. दुसरे आणि मोठे कारण म्हणजे देशाची जनगणना. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार तिचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. २०११ नंतरची ही पहिली जनगणना. पहिल्या टप्प्यात घरांची यादी होते, त्यात भाषेचा प्रश्न नसतो. माणसांची मोजणी दुसऱ्या टप्प्यात, आणि मातृभाषा विचारली जाते ती त्यात. मोजणी आता कागदावर न होता मोबाईलवर होणार असून कुटुंबाने आपली माहिती स्वतः भरण्याची, म्हणजे स्वगणनेची, सोयही दिली आहे. तेव्हा प्रश्न कसा विचारला जातो आणि आपण काय उत्तर देतो, हा आपल्यासारख्या शेदोनशे वर्षांपूर्वी माळव्यात येऊन राहिलेल्या घरांसाठी केवळ कागदी विषय नाही.

भाषेचा प्रश्न आपल्या देशात १८८१ पासून विचारला जात आहे, पण दर वेळी तोच प्रश्न नव्हता. १८८१ मध्ये मातृभाषा विचारली. १८९१ मध्ये आईवडिलांची भाषा विचारली. १९०१ मध्ये शब्द बदलून ‘सामान्यतः वापरली जाणारी भाषा’ असा प्रश्न आला आणि पुढच्या दोन जनगणनांत साधारण तोच धागा राहिला. १९३१ पासून पुन्हा मातृभाषा. आता हे तिन्ही शब्दप्रयोग आपल्यापैकी कोणाच्याही घराला लावून पाहा. रामबागेतले किंवा लोकमान्य नगरातले एक घर घ्या. आजोबा-आजी आपसांत मराठी बोलतात, मुलगा दुकानात आणि बाहेर दिवसभर हिंदी बोलतो, सून लखनऊकडची आहे, नातवंडे हिंदीत उत्तरे देतात. आईवडिलांची भाषा विचारली तर मुलगा मराठी ठरेल. वापरातली भाषा विचारली तर तोच मुलगा हिंदी ठरेल. माणूस तोच, घर तेच; आकडा बदलला तो केवळ प्रश्नामुळे.

२०११ च्या जनगणनेत प्रगणकांना दिलेली व्याख्या अशी होती: लहानपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलत असे ती मातृभाषा. आई लहानपणीच वारली असेल तर त्या वेळी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. आज तुम्ही कोणती भाषा जास्त बोलता, कोणत्या लिपीत लिहिता, कोणत्या राज्यात राहता याचा या व्याख्येशी काहीही संबंध नाही. शिवाय मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा सांगण्यासाठी वेगळा रकाना होता. म्हणजे हिंदीला तिची जागा होतीच. ती मिळावी म्हणून मराठीची जागा सोडण्याची गरज नव्हती.

प्रत्यक्षात काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. प्रगणक म्हणजे बहुधा जवळच्या सरकारी शाळेतले गुरुजी नाहीतर बाई. त्यांना दिवसभरात कितीतरी घरे उरकायची असतात. बोलणे हिंदीत चाललेले असते. भाषेच्या रकान्याशी आले की ते मान वर न करता ‘हिंदी ना?’ असे म्हणतात आणि आपणही चहाचा कप पुढे करत ‘हाँ, हाँ’ म्हणतो. इथे त्या गुरुजींचा दोष फारसा नाही. उत्तर आधीच पोटात घेऊन आलेला प्रश्न असला की नव्वद माणसे त्यातलेच उत्तर देतात. वाद घालायला कोण जातो? आमच्या जुन्या फॉर्ममधला अभिमानाचा प्रश्न आणि हा ‘हिंदी ना?’ एकाच जातीचे.

मग बोलायचे काय? आई मराठीत बोलत असे, तर मराठी सांगायचे. आणि ते लिहिले गेले की नाही ते पाहायचे. घरातल्या प्रत्येकाचे वेगळे सांगायचे, कारण रकाना प्रत्येक माणसाचा असतो, घराचा नव्हे. कर्त्या पुरुषाने एकदा भाषा सांगितली की खालच्या सगळ्या ओळींत तीच उतरवली जाते, हे टाळायला हवे. आणि इथे एक गोष्ट आपल्या मंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. लखनऊकडच्या सुनेची मुले व्याख्येने हिंदी मातृभाषेची ठरतील, ती आपण ओढूनताणून मराठी करू नयेत. पण आपली मुलगी माळवी किंवा गुजराती घरात दिली असेल आणि तिने मुलांना मराठीतून अंगाई म्हटली असेल, मराठीतून रागावले असेल, तर त्या मुलांची मातृभाषा मराठी आहे. त्या घरात हे कोणी सांगत नाही. सासरी विषय काढणे अवघड वाटते, हे आम्ही समजू शकतो. तरी सांगावे.

भाषेचे नाव काय सांगता यालाही महत्त्व आहे. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे १९ हजारांहून अधिक भरली. त्यांची छाननी होऊन १३६९ नावे ठरली आणि ती १२१ भाषांच्या गटांत बसवली गेली. कोणते नाव कोणत्या गटात जाईल हे नंतर कार्यालयात ठरते. बऱ्हाणपूर-सेंधव्याकडची काही कुटुंबे अहिराणी सांगतात. ती ‘खानदेशी’ या वेगळ्या गटात मोजली जाते, मराठीत नव्हे. अहिराणी सांगणाऱ्याने अहिराणीच सांगावी, त्यात काही गैर नाही. फक्त आकडे वाचताना हे ठाऊक असावे.

२०११ च्या गणनेप्रमाणे देशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यांतले मध्य प्रदेशात सुमारे १२ लाख ३० हजार, कर्नाटकात २० लाख ६० हजारांच्या वर, गुजरातेत ९ लाख २० हजार, गोव्यात १ लाख ५८ हजार. या आकड्यांवर काय अवलंबून असते, असे कोणी विचारील. घटनेच्या ३५० अ या कलमाने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगितले आहे. १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने त्यासाठी मोजमापही ठरवले: शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले. १९६१ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेनंतर, एखाद्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढाव्यात, असे ठरले. सीमाभागातल्या आपल्या बांधवांना हे टक्के तोंडपाठ आहेत, कारण त्यांचे सगळे भांडणच त्या टक्क्यांभोवती फिरत आले. इंदुरात आपण पंधरा टक्क्यांच्या जवळपासही नाही. पण वर्गात दहा मुले? ती आहेत की नाहीत, हे आज आपल्यातले कोणीही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. शिक्षण खात्याकडे अर्ज घेऊन गेल्यावर साहेबांनी पहिला प्रश्न तोच विचारला आणि आमचे शिष्टमंडळ एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

इथे काही तरुण मित्र म्हणतात, मग सरसकट सगळ्यांनी मराठी लिहा, आकडा फुगू द्या. त्यांचा उत्साह आम्हांला समजतो, पण सल्ला मान्य नाही. १९५१ मध्ये पंजाबात हेच झाले होते. भाषेचा प्रश्न राजकारणात इतका ओढला गेला की लोकांनी मातृभाषा कोणती ते न सांगता कोणती बाजू घ्यायची ते सांगितले. शेवटी पंजाब, पेप्सू, दिल्ली, हिमाचल या भागांत हिंदी, उर्दू, पंजाबी व पहाडी यांचे आकडे वेगळे न देता एकत्रच छापावे लागले. खोटे सांगून कोणाचाच आकडा राहिला नाही. आपल्याला शाळेसाठी दहा मुले दाखवायची असतील तर ती वर्गात येऊन बसणारी हवीत. जनगणनेच्या रकान्यातली मुले प्रार्थनेला उभी राहत नाहीत.

जनगणना मातृभाषा सांगते, पण भाषा वापरात आहे की नाही ते सांगत नाही. ते आपले आपल्यालाच विचारावे लागेल, आणि नवी पाहणी त्यासाठीच आहे. म्हणून या वेळी फॉर्म करताना आम्ही थोडी घासाघीस केली.

पहिली गोष्ट आठवणीची. ‘आपण घरी मराठी बोलता का: नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी?’ असे विचारले तर प्रत्येकाचे ‘बऱ्याचदा’ वेगळे. त्याऐवजी ‘काल रात्री जेवताना मुलांशी कोणत्या भाषेत बोललात?’ असे विचारले की माणूस क्षणभर थांबतो आणि खरे सांगतो. किती दिवसांचे विचारायचे यानेही उत्तर बदलते. १९९९-२००० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीने घरखर्च विचारताना खाण्यापिण्याच्या वस्तूंचा सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असे दोन्ही हिशेब एकाच फॉर्मात शेजारी शेजारी मागितले. सात दिवसांच्या आठवणीत रोजचा खर्च जास्त भरतो, तीस दिवसांच्या आठवणीत त्यातले गळते. दोन्ही रकाने जवळ असल्याने उत्तरे एकमेकांत मिसळली आणि देशातली गरिबी खरोखर किती कमी झाली, यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे कितीतरी वर्षे भांडत बसले. एवढ्या मोठ्या संस्थेची ही कथा, तर आमच्या चार पानी फॉर्मची काय!

दुसरी गोष्ट चौकटींची. उत्तरासाठी नुसती रेघ सोडली की वाटेल ते येते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेत जातीचे नाव लोक सांगतील तसे लिहून घेतले. १९३१ च्या जनगणनेत ४१४७ जाती होत्या. या वेळी ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. उलट, चौकटी छापल्या तर चौकटीत नसलेले उत्तर दिसतच नाही. गोव्यातला १६ जानेवारी १९६७ चा सार्वमताचा कौल आठवा. मतपत्रिकेवर दोनच चिन्हे होती, महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजारांवर आणि विरुद्ध १ लाख ७२ हजारांवर मते पडली. तो निकाल आमच्यातल्या अनेक ज्येष्ठांना अजून बोचतो, ते असो. पण स्वतंत्र राज्य हवे, असे म्हणणाऱ्याला त्या कागदावर जागाच नव्हती, आणि वीस वर्षांनी १९८७ मध्ये गोवा नेमके तेच झाले. म्हणून आमच्या नव्या फॉर्ममध्ये चौकटींच्या शेवटी ‘याहून वेगळे’ अशी एक ओळ ठेवली आहे, आणि ‘सांगता येत नाही’ हेही उत्तर मानले आहे.

उत्पन्नाचा प्रश्न काढून टाकला. जात-गोत्रही काढले; आपल्याला ते कशाला हवे होते हे आज कोणालाच आठवत नाही. वयाचा प्रश्न अगदी शेवटी, आणि जन्मसाल न विचारता दहा-दहा वर्षांचे गट. छापण्याआधी हा फॉर्म आम्ही पाच घरांत नेऊन पाहिला. एका आजींनी ‘माध्यम’ या शब्दाला ‘म्हणजे रेडिओ का?’ असे विचारले. आता तिथे ‘शाळेत कोणत्या भाषेतून शिकवतात’ असे लिहिले आहे.

पण प्रश्न कितीही चांगले असले तरी ते कोणाला विचारले यावर सगळे आहे. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने जवळजवळ एक कोटी लोकांना पत्रे पाठवली. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत केले. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकले. पत्ते टेलिफोनच्या व मोटारींच्या याद्यांतून घेतलेले, म्हणजे बऱ्या परिस्थितीतल्यांचे. त्यातही ज्यांना तळमळ होती त्यांनीच उत्तर दिले. त्याच वेळी गॅलप यांनी त्याहून फारच थोड्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला.

आमचे गणपतीच्या मंडपातले टेबल म्हणजे छोटे ‘लिटररी डायजेस्ट’च होते. मंडपात कोण येते? ज्यांच्या घरी मराठी आहे ते. फॉर्म कोणत्या भाषेत? मराठीत. म्हणजे ज्यांची मराठी सुटली, ज्यांच्याबद्दलच आपल्याला चिंता आहे, ते त्या टेबलापर्यंत आलेच नाहीत, आणि आले असते तरी त्यांना फॉर्म वाचता आला नसता. जमा झालेले मूठभर फॉर्म पाहून ‘इंदुरात मराठी उत्तम आहे’ असे आम्ही वार्षिक सभेत सांगितले होते. सभागृहात टाळ्या पडल्या होत्या. त्याबद्दल आज खेद व्यक्त करतो.

या वेळी सगळ्यांना फॉर्म वाटायचे नाहीत. मंडळाच्या जुन्या-नव्या याद्या, बंद झालेल्या सभासदांसकट, एकत्र करून त्यांतले प्रत्येक दहावे घर घ्यायचे आणि त्या घरी जायचेच. कुलूप असेल तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा, वेगळ्या वेळी. शेजारचे घर सोयीचे आहे म्हणून तिथे उरकायचे नाही. दीडशे घरांची खरी उत्तरे हजार घरांत वाटलेल्या आणि बहुतांशी परत न आलेल्या फॉर्मांपेक्षा आम्हांला जास्त मोलाची वाटतात. फॉर्म एक पानी, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. हिंदीवरून कार्यकारिणीत बराच वाद झाला. मराठी मंडळाने हिंदी फॉर्म छापायचा? बहुमताने छापायचा ठरले, आणि आमचे मत त्या बहुमतात आहे.

लोक उत्तर का देत नाहीत, याचाही विचार केला. आपल्या अनुभवात तीन भीती असतात: वर्गणी, स्थळ आणि नाव बाहेर फुटणे. म्हणून येणारे कार्यकर्ते पावतीपुस्तक सोबत नेणार नाहीत. त्या महिन्यात मंडळ कोणाकडूनही वर्गणी घेणार नाही. फॉर्मवर नाव-पत्ता नाही. घरांची यादी वेगळ्या वहीत, फक्त कुठे जाऊन झाले हे कळण्यासाठी. काम संपल्यावर ती फाडली जाईल. जनगणनेलाही असे संरक्षण आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे प्रगणकाला दिलेली माहिती कोणाला पाहायला मिळत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की रूढीने नवऱ्याचे नाव घेणे वर्ज्य असेल तर बाईला ते सांगण्याची सक्ती नाही. आपल्या बायकांना त्याची गरज नाही म्हणा. त्या प्रगणकालाही उखाणा घेऊन दाखवतील.

एक गोष्ट मागच्या वेळी आम्ही मुळीच केली नव्हती. ज्यांनी कष्टाने फॉर्म भरून दिले त्यांना त्यातून काय निघाले ते कधीच कळवले नाही. पुढच्या वेळी त्यांनी का भरावा? या पाहणीचे आकडे, आपल्याला आवडोत न आवडोत, मोजून होताच लगेचच्या अंकात पहिल्या पानावर छापू. किती घरांनी दार उघडले नाही, तेही छापू.

घरोघर जाण्यासाठी कार्यकर्ते हवे आहेत. शक्यतो जोडीने, त्यात एक तरी महिला, आणि एक तरी असा तरुण ज्याला समोरच्याची हिंदी ऐकून हसू येत नाही. संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ बरी. मालिकांच्या वेळी जाऊ नये. नावे येत्या रविवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. फॉर्म तिथेच मिळतील, आणि बाहेर पडण्याआधी प्रत्येकाने एक फॉर्म स्वतःच्या घरी भरून आणायचा आहे, घरातल्या सगळ्यांना विचारून.